दिसेनासें झालें म्हणजे नाहींसें झालें काय ?

एखाद्याच्या ठिकाणीं कांहीं दिसेनासें झालें म्हणजे तें तेथें उरलेंच नाहीं, असें धरून चालावें काय? प्रश्न जुना आहे, आणि त्याचीं उत्तरेंही आपल्या फडाफडांतून पुष्कळ झालीं आहेत. परंतु या खेपेस तो आमच्यापुढें ज्या वाटेनें आला ती वाट नवी आहे, म्हणून त्याचा थोडा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

घाटकोपरचे एक माळकरी गृहस्थ रेडिओ, टेपरेकॉर्डर, बिनतारी यंत्रें दुरुस्त करण्याचा धंदा करतात. घरांत पिढीजात पंढरीची वारी. त्यांनीं आम्हांस लांबलचक पत्र धाडलें आहे. मुलुंडच्या एका सेवानिवृत्त गृहस्थांनीं आपला जुना स्कॅनर त्यांच्याकडे दुरुस्तीस दिला. हे गृहस्थ परवानाधारक हौशी बिनतारी संदेशवाले आहेत. त्या मंडळींना लोक ‘हॅम’ म्हणतात. यंत्र ऐकतें उत्तम, पण त्याच्या दर्शकावरचे आंकडे फिके होत होत आतां जवळजवळ पुसूनच गेले. मालकांचा मुलगा म्हणतो, टाका तें भंगारांत. मालक म्हणतात, ऐकूं येतें आहे तोंवर टाकूं कसें? आणि कारागीर आम्हांस विचारतात, “महाराज, जन्मभर कीर्तनांत ऐकलं कीं बाहेरचं खोटं, आंतलं खरं. चोखोबांनीं उसाचा दाखला दिला. मग बाहेरच्या एवढ्याशा कांचेपायीं मी दोन दिवस कां घालवावे? आंतला रस तर शाबूत आहे!” पत्राच्या अखेरीस आणखी कांहीं ओळी आहेत. खरा प्रश्न त्यांतच आहे असें आम्हांस वाटतें, पण आधीं यंत्राचें पाहूं.

आमच्या बहुतेक वाचकांना रेडिओ ठाऊक आहे, स्कॅनर ठाऊक नसेल. रेडिओ एका ठिकाणीं लावला म्हणजे तेथें बसतो. मालाडच्या मनोऱ्यांवरून येणारी आकाशवाणी लावली तर तीच ऐकूं येणार. त्याच्या कांट्यामागचा दिवा गेला तरी फारसें अडत नाहीं. निवेदकाचा आवाज, भजनाची वेळ, यांवरून स्टेशन ओळखतां येतें. जुन्या मंडळींना तर पोस्टांत जाऊन दरवर्षीं रेडिओचा परवाना नवा करून आणल्याचेंही स्मरत असेल. स्कॅनर बसत नाहीं. तो एका जागेवरून दुसऱ्या जागेवर उड्या मारीत फिरतो, जेथें कोणी बोलत असेल तेथें थांबतो, बोलणें संपलें कीं पुढें चालूं लागतो. आतां सांताक्रूझकडे उतरणाऱ्या विमानाचा आवाज, तो साधारण ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत. लगेच बोरीवलीचा कोणी हॅम आपल्या मित्राशीं बोलतो आहे, तो १४४ ते १४६ च्या पट्ट्यांत. मध्येंच समुद्रावरच्या जहाजांची हांक, ती १५६.८ वर. आवाज सगळे सारखेच खरखरीत. कोण बोलतो आहे हें दर्शकावरच्या आंकड्यावांचून समजत नाहीं. म्हणजे ऐकूं येतें सर्व, पण कोणाचें ऐकतों आहोंत तें कळत नाहीं. अशा ऐकण्याला आपल्या संप्रदायांत श्रवण म्हणत नाहींत.

येथेंच कारागिरांनीं एक पोटशंका काढली आहे, कीं दुसऱ्यांचें बोलणें ऐकणारें यंत्र दुरुस्त करणें हेंच मुळीं पाप नव्हे काय? याचें उत्तर थोडक्यांत देतों. १९३३ च्या बिनतारी कायद्यानें परवान्यावांचून असें यंत्र बाळगणें हा गुन्हा ठरविला होता, आणि २०२३ सालीं नवा दूरसंचार कायदा झाला त्यानेंही ही मोकळीक दिलेली नाहीं. मुलुंडच्या गृहस्थांनीं सरकारी परीक्षा देऊन परवाना मिळविलेला आहे. आपल्यासाठीं नसलेलें बोलणें कानावर पडलें तर तें दुसऱ्याला सांगूं नये, हा या मंडळींचा जगभरचा नियम आहे. कानावर पडणें आणि चघळीत बसणें यांतलें अंतर निंदेच्या प्रकरणीं आपण रोज शिकतों, तेंच येथें. शिवाय हा छंद निव्वळ रिकामटेकड्यांचा नव्हे. २००४ च्या डिसेंबरांत त्सुनामीनें अंदमानचा बाहेरच्या जगाशीं संबंध तोडला, त्या वेळीं भारती प्रसाद या बाई आपल्या हॅम सोबत्यांसह पोर्ट ब्लेअरलाच होत्या, आणि त्यांच्या यंत्रांवरून माणसांच्या खुशालीचे निरोप मुख्यभूमीवर पोंचले. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मोबाइल मुके झाले, आणि आपल्या उपनगरांतले लोक घरच्यांचा ठावठिकाणा कळेना म्हणून रात्रभर तळमळले. तो दिवस आठवला म्हणजे असली यंत्रें कोणाच्या तरी घरीं चालू असावींत असें आम्हांस वाटतें. असो.

आतां दर्शक फिका कां पडतो तें पाहूं, कारण सगळी गंमत त्यांतच आहे. कारागिरांनीं हा भाग पत्रांत फार चांगला समजावला आहे.

या दर्शकांत स्वतःचा उजेड नसतो. दोन पातळ कांचा, त्यांच्यामध्यें एक विशिष्ट द्रव, ना धड पाणी ना धड स्फटिक, आणि दोन्ही कांचांच्या बाहेरच्या अंगाला एकेक पातळ फिल्म. उजेड मागून येतो. एका फिल्ममधून गाळून आलेला उजेड मधला द्रव वळवून दुसऱ्या फिल्ममधून बाहेर जाऊं देतो. जेथें वीज पोंचते तेथें द्रव उजेडाला वळवीत नाहीं, उजेड अडतो, आणि तेथें काळी रेघ दिसते. म्हणजे आपण ज्याला आंकडा म्हणतों तो खरें पाहतां अडलेल्या उजेडाची आकृति आहे. ही फिल्म आयोडीननें रंगविलेली असते. उष्णता आणि दमट हवा यांनीं ती मरते, आणि मुंबईच्या उपनगरांत या दोन्ही गोष्टींना तोटा नाहीं. कधीं कधीं तर जुनी फिल्म सोलतांना शिरक्याचा वास येतो. ती कुजूं लागल्याची ती खूण.

पण लक्षांत घ्या, फिल्म मेली तरी मधला द्रव आपलें काम करीतच असतो. वीज येते, द्रव हलतो, आंकडा घडतो, पुसतो, दुसरा घडतो. सगळें चाललेलें आहे. फक्त तें डोळ्याला दाखविणारें गाळणें गेलें. कारागिरांनीं लिहिलें आहे कीं, पुढची फिल्म गेलेला असा दर्शक त्यांनीं शेजारच्या मुलाचा उन्हांत मोटारसायकल चालवितांना घालायचा चकाकी मारणारा काळा चष्मा लावून पाहिला, आणि पुसट कांचेवर सारे आंकडे लख्ख उभे राहिले! चष्मा काढला कीं पुन्हां कोरी कांच. आमच्या मतें त्यांच्या पहिल्या प्रश्नाचें निम्में उत्तर त्यांनीं स्वतःच त्या क्षणीं पाहिलें.

दुरुस्तीचा क्रम असा. आधीं दोष कोठें आहे तें ठरवायचें. रात्रीं दिसत नाहीं आणि उजेडांत दिसतें, तर मागचा दिवा गेला. तेथें छोटा एल्‌ईडी योग्य त्या रोधासह बसवावा. आंकड्यांच्या कांहींच रेघा गायब, तर कांच आणि पाटी यांच्यामधली रबराची पट्टी मळली असेल. या पट्टीला वीज वाहणारे आणि न वाहणारे असे आळीपाळीनें पट्टे असतात म्हणून तिला झेब्रा म्हणतात. ती स्पिरिटनें पुसली कीं पुष्कळदां काम होतें. सगळेंच फिकें, तर फिल्म. ती पात्याने तिरप्या हातानें हळूहळू सोलायची. कांच कागदासारखी पातळ, जोर लावला कीं तडकली. चिकटा पुसायचा. मग नवी फिल्म नुसती वर धरून फिरवून पाहायची, चिकटविण्याची घाई करायची नाहीं. एका कोनांत उजळ जागेवर काळे आंकडे, आणि काटकोनांत फिरवली तर काळ्या जागेवर उजळ आंकडे. कांच तीच, वीज तीच. आणि कांचेंतला द्रवच गळून काळा डाग पसरला असेल तर मात्र हात जोडावे. त्यावर इलाज नाहीं, कोणी सांगत असेल तर तो पैसे काढतो आहे.

यांतला दुसरा प्रकार आम्हांस फार विचारांत पाडून गेला. सगळा दर्शक गेला तर माणूस सावध होतो. पण एकच रेघ गेली तर? ‘आठ’ ची मधली आडवी रेघ गेली कीं तेथें ‘शून्य’ दिसतें. १४५.८ वर चाललेलें बोलणें १४५.० वर चाललें आहे असें दर्शक बिनदिक्कत सांगतो, आणि पाहणाराही बिनदिक्कत मानतो. पूर्ण कोऱ्या दर्शकापेक्षां हा अर्धा पुसलेला दर्शक अधिक फसवा. आणि यंत्राच्या पोटांत तर आंकडा बरोबरच आहे.

आतां चोखोबांचा उसाचा दाखला. तो वापरून बाह्य खुणेकडे दुर्लक्ष करण्याची जी रीत आपल्या कांहीं प्रवचनकारांनीं पाडली आहे, ती आम्हांस मुळींच मान्य नाहीं. चोखोबा कोणाला विचारीत आहेत तें पाहावें. पाहणाऱ्याला! महाद्वाराबाहेर उभ्या केलेल्या माणसाचा तो सवाल आहे, बाहेरून पाहून आंत काय आहे तें ठरविणाऱ्याला केलेला. ज्यानें बाहेरचें रूप सांभाळावें कीं सोडावें हा प्रश्न पडला आहे त्याच्याशीं चोखोबा बोलतच नाहींत. म्हणून त्या दाखल्यावरून ‘दर्शक दुरुस्त करूं नका’ असें निघत नाहीं. ‘दर्शकावरून यंत्र मेलें असें ठरवूं नका’ एवढें निघतें. मालकांच्या मुलाला तो दाखला लागू आहे, कारागिराला नाहीं.

गळ्यांतली तुळशीची माळ, कपाळीं गोपीचंदन, बुक्का, हें सगळें वरवरचेंच कीं नाहीं असें कोणी विचारतात. वरवरचें आहेच. वर असावें म्हणूनच तें आहे. आळंदीच्या वाटेवर भुकेला, दमलेला वारकरी परक्या गांवांत कोणाच्या ओटीवर बसतो तेव्हां त्याची माळ त्याच्यासाठीं नसते, त्या घरच्या माउलीसाठीं असते. हा कोण आहे तें तिला न विचारतां कळावें म्हणून. आंत यंत्रच नसतां नुसता दर्शक मिरविणाऱ्यांना तुकोबांनीं किती फटकारलें आहे तें आम्हीं सांगायला नको. पण त्या फटक्यांच्या भीतीनें खऱ्यानेंही खूण टाकून द्यावी असें त्यांनीं कोठेंही सांगितलेलें नाहीं. स्वतः ते माळ घालून, वीणा घेऊनच उभे राहिले. तेव्हां मुलुंडच्या स्कॅनरची कांच दुरुस्त करणें हें मायेच्या मागें लागणें नव्हे. जो ऐकतो त्यानें काय ऐकतों तें दाखवावें, म्हणजे दुसऱ्याला त्याच्याशीं वागतां येतें.

आतां पत्राच्या अखेरच्या ओळी. कारागीर लिहितात: “वडिलांना गेल्या वर्षीं अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू आणि वाचा गेली. नको म्हणायचं तर हो म्हणतात, मग रडतात. रोज संध्याकाळचा हरिपाठ त्यांच्या खाटेशीं व्हायचा. खोली एकच. घरांत चाललं आहे कीं आतां त्यांना कळतच नाहीं, तर हरिपाठ बंद करावा आणि मुलांना अभ्यासाला जागा द्यावी. गांवच्या जमिनीचं, औषधाच्या खर्चाचं बोलणंही त्यांच्यासमोरच होतं. ते भिंतीकडे तोंड करतात. मला काय करावं सुचत नाहीं.”

घरच्यांना दोष देऊं नये, हें आधीं सांगतों. मुंबईच्या दहा-बारा फुटांच्या खोलींत दुखणाईत माणूस, शाळेंतलीं मुलें आणि संसार सांभाळणारी सून, यांना तत्त्वज्ञान शिकविणें सोपें आहे. तें काम आम्ही करणार नाहीं. पण ‘कळतच नाहीं’ हा शब्द तपासला पाहिजे. कशावरून? बोलत नाहींत यावरून. चेहरा हलत नाहीं यावरून. चुकीचा शब्द येतो यावरून. हे सारे दर्शकाचे दोष आहेत. आणि तिसरा तर तोच, ज्यांत आठाचें शून्य दिसतें.

१८६१ सालीं पॅरिसमध्यें पॉल ब्रोका या डॉक्टरांनीं एका रुग्णाची हकीकत जगापुढें ठेवली. त्या माणसाला ‘टॅन’ या एका अक्षरापलीकडे जवळजवळ कांहीं बोलतां येत नसे, पण लोकांचें बोलणें त्याला बरेंच समजत होतें. तेव्हांपासून वैद्यकाला ठाऊक आहे कीं बोलणें घडविणारी मेंदूंतली जागा निराळी आणि समजणारी निराळी. एक गेली म्हणून दुसरी गेलीच असें नाहीं. उलट समजणारीच जाते असेही रुग्ण असतात, हेंही खरें. म्हणून ‘सर्व कांहीं कळतें’ असें दुरून छातीठोकपणें आम्ही म्हणणार नाहीं. ‘हो’ आणि ‘नको’ यांची अदलाबदल ही या दुखण्यांत नेहमीं आढळणारी गोष्ट आहे. नको म्हणायचें असतां हो बाहेर पडतें आणि मग माणूस रडतो. तो कां रडतो? जें बाहेर पडलें तें आपलें नव्हे हें त्याला कळतें म्हणून तर नव्हे? आम्हांस तरी दुसरें कारण सुचत नाहीं.

याहून पुढची गोष्ट २००६ ची. केंब्रिजमध्यें एड्रियन ओवेन यांनीं एका तेवीस वर्षांच्या तरुणीला तपासलें. अपघातानंतर पांच महिने तिनें कोणत्याही हांकेला दाद दिली नव्हती. तिला मेंदूचीं चित्रें घेणाऱ्या यंत्रांत ठेवून सांगितलें, तूं टेनिस खेळते आहेस अशी कल्पना कर. मग सांगितलें, आपल्या घरांतल्या खोल्यांतून फिरते आहेस अशी कल्पना कर. निरोगी माणसाच्या मेंदूच्या ज्या जागा अशा वेळीं जाग्या होतात त्याच तिच्याही झाल्या! पुढें २०१० सालीं अशा ५४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यांत पांचांनीं असा प्रतिसाद दिला. चोपन्नांत पांच, बाकीच्यांविषयीं खोटी आशा दाखवूं नये. पण त्या पांचांच्या खाटेशीं उभें राहून इतके दिवस कोण काय काय बोललें असेल!

हा शेजारच्या मुलाचा चष्माच आहे, दुसरें काय? कांच कोरी, आणि आंकडे उभे.

मात्र दृष्टांताला येथें थांबवणें भाग आहे. यंत्राच्या कानाला दुसरा स्कॅनर लावून खरें-खोटें करतां येतें; माणसाचें तसें नाहीं. यंत्राची फिल्म बदलतां येते. वडिलांची वाचा घाटकोपरच्या दुकानांत बदलून मिळत नाहीं. आणि यंत्र ऐकूं न येणाऱ्याच्या हातांत पडलें म्हणून यंत्राला दुःख होत नाहीं. वडिलांना आपल्यासमोर आपल्या औषधाच्या खर्चाची बेरीज होतांना काय वाटतें तें त्यांनीं भिंतीकडे तोंड करून सांगितलेलें आहे. तेवढा आंकडा तरी स्वच्छ वाचतां येतो.

गोरोबाकाकांची कथा सर्वांना ठाऊक आहे. मडकें पक्कें कीं कच्चें तें त्यांनीं पाहून ठरविलें नाहीं, थापटी मारून आवाज ऐकला. कारागिरांनीं तेंच करावें. वडिलांना एकच प्रश्न एकदांच विचारूं नये. ‘पाणी हवें?’ असें विचारून ‘हो’ आलें कीं पेला तोंडाला लावूं नये. पेला आणि दुधाची वाटी दोन्ही समोर धरावीं आणि डावा हात कोठें जातो तें पाहावें. उजवीकडचें दिसत नसण्याचा संभव असतो, म्हणून डाव्या अंगाला बसावें. वांद्रे रिक्लेमेशनला अली यावर जंग संस्था आहे, १९८३ सालीं स्थापन झालेली. वाचेच्या आणि श्रवणाच्या दोषांवर तेथें काम चालतें. एकदां तेथें अवश्य न्यावें.

आणि हरिपाठ बंद करूं नये. भक्तीसाठीं म्हणून तर नव्हेच नव्हे, पण याला दुसरेंही एक कारण आहे. ज्यांची वाचा गेली अशा रुग्णांपैकीं कांहींना बोलतां येत नाहीं पण पाठ असलेलें गातां येतें, प्रार्थना म्हणतां येतात, हें डॉक्टरांनीं फार पूर्वींपासून नोंदलेलें आहे. अठराव्या शतकांत स्वीडनमध्यें अशा एका माणसाची हकीकत लिहिली गेली. उजवें अंग आणि वाचा गेली असतां तो देवळांतलीं स्तोत्रें गाई. सुरावर म्हटलेलें आणि हजारदां घोटलेलें मेंदूंत निराळ्या वाटेनें चालतें असें जाणकार मानतात, आणि त्यावर आधारलेली उपचाराची पद्धतही १९७० च्या दशकापासून प्रचारांत आहे. साठ वर्षें रोज हरिपाठ म्हटलेल्या माणसाच्या ठिकाणीं ती वाट किती मळलेली असेल! चालीवर म्हणावें, हातानें मांडीवर ठेका धरावा, आणि प्रत्येक अभंगाचा शेवटचा शब्द आपण न म्हणतां क्षणभर थांबावें. पहिल्या दिवशीं कांहीं येणार नाहीं. महिन्यानेंही कदाचित् येणार नाहीं. ओठ हलले तरी पुरे, आणि तेही न हललें तरी घरांत हरिपाठ झालाच कीं.

जमिनीचें आणि खर्चाचें बोलणें जिन्यांत करावें, किंवा मग त्यांना धरून करावें, ‘बाबा, असें करावें म्हणतों’ असें सांगून. जमीन त्यांनीं कसलेली आहे.

मुलुंडच्या गृहस्थांना फिल्मचे आणि दोन दिवसांच्या मजुरीचे पैसे संकोच न करतां लावावे. काम कष्टाचें आहे आणि त्यांना त्याची किंमत समजते. मुलांचा अभ्यास सात वाजतां सुरू होतो असें पत्रांत आहे. दुकान थोडें आधीं मिटून सव्वासहाला हरिपाठ धरला तर सातला खोली मोकळी होते.